भयाचे गारूड आणि प्रेक्षकाचा कौल : शार्कविषयक सनसनाटी माहितीपट व कृष्णाकाठचा प्रेक्षक

प्रस्तावना

४ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतील डिस्कव्हरी वाहिनीने आपल्या वार्षिक 'शार्क वीक'चा आरंभ 'मेगालोडॉन : द मॉन्स्टर शार्क लिव्हज' या दोन तासांच्या कार्यक्रमाने केला. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटते, तीवरील माणसे नाहीशी होतात आणि कॉलिन ड्रेक नावाचा सागरी जीवशास्त्रज्ञ या घटनेमागे मेगालोडॉन हा महाकाय शार्क असल्याचा माग काढतो, असे त्याचे कथानक होते. अमेरिकेत सुमारे ४८ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. मेगालोडॉन हा प्राणी सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच नामशेष झाला आहे. कॉलिन ड्रेक या नावाचा कोणीही शास्त्रज्ञ नव्हता. ती एका अभिनेत्याने वठवलेली भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धकाळातील म्हणून दाखवलेले छायाचित्र बनावट होते. काही घटना व पात्रे नाट्यरूप आहेत, एवढाच मोघम खुलासा कार्यक्रमाच्या अखेरीस क्षणभर झळकला आणि त्यातही संदिग्धता कायम राखलेली होती.

या कार्यक्रमावर उमटलेल्या प्रतिक्रियांत एक वर्ग घाबरलेल्यांचा होता, दुसरा विश्वास ठेवणाऱ्यांचा आणि तिसरा संतापलेल्यांचा. अशा कार्यक्रमांची चिकित्सा बहुधा दोन दिशांनी होते. विज्ञानाचे अभ्यासक त्यातील चुका दाखवितात. माध्यमांचे अभ्यासक प्रेक्षकाच्या भाबडेपणाकडे बोट दाखवितात. दोन्ही चिकित्सांत प्रेक्षक हा केवळ परिणाम भोगणारा ठरतो. प्रस्तुत लेखात प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेकडेच समीक्षा म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रेक्षक कोठे फसतो आणि कोठे फसत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना समुद्रापासून दूर असलेल्या, परंतु मगर, नाग आणि बिबट्या यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या सातारा व सांगली या जिल्ह्यांचा संदर्भ घेतला आहे. हे विवेचन नमुना-पाहणीवर आधारलेले नाही. जाहीररीत्या नोंदल्या गेलेल्या प्रतिक्रिया, प्रकाशित संशोधन आणि या प्रदेशातील सर्वपरिचित परिस्थिती हा त्याचा आधार आहे.

माहितीपटाचा अलिखित करार

शार्कचे चित्रण सनसनाटी असणे ही काही अलीकडची बाब नाही. जॅक कुस्तो आणि लुई माल यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या माहितीपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात जखमी होऊन मेलेल्या देवमाशाच्या पिलावर शार्क तुटून पडतात आणि त्याचा सूड म्हणून जहाजावरचे खलाशी त्या शार्कना वर ओढून मारतात, असा प्रसंग आहे. आजच्या दृष्टीला तो असह्य वाटतो. तरीही ती हत्या कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेली होती. तेथे दोष दृष्टीचा होता. पुरावा मात्र खोटा नव्हता.

पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी १९७४ मध्ये आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्यावरील चित्रपट १९७५ मध्ये आला. शार्क म्हणजे सूडबुद्धीने माणसाचा पाठलाग करणारा प्राणी, ही प्रतिमा जगभर रुजविण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. बेंचली यांनी पुढील आयुष्यात शार्कच्या संरक्षणासाठी काम केले, ही गोष्ट त्या प्रतिमेच्या परिणामाची साक्ष देते. मात्र 'जॉज'ने आपण कथा सांगत आहोत हे कधी लपविले नाही. तिकीट काढून चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला काय पाहावयाचे आहे याची पूर्वकल्पना होती.

१९८८ मध्ये सुरू झालेला 'शार्क वीक' या दोन परंपरांच्या संगमावर उभा आहे. त्याने माहितीपटाकडून विश्वासार्हता घेतली आणि कथापटाकडून भय घेतले. शास्त्रज्ञाची मुलाखत, नकाशा, तारीख-वेळेची पट्टी, हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे हलते चित्र, संयत आवाजातील निवेदन ही माहितीपटाची चिन्हे आहेत. ही चिन्हे दिसताच प्रेक्षक शंका बाजूला ठेवतो. कारण दाखविले जाणारे घडलेले आहे, असा माहितीपट व प्रेक्षक यांच्यात अलिखित करार असतो. अनेक दशकांच्या प्रामाणिक कामातून हा करार सिद्ध झाला आहे. 'मेगालोडॉन'ने ही सर्व चिन्हे वापरली आणि करार मात्र पाळला नाही. त्यावर विश्वास ठेवणारा प्रेक्षक अडाणी होता असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. ज्या खुणांवर विश्वास ठेवण्यास त्याला शिकविले गेले होते, त्यांवरच त्याने विश्वास ठेवला.

भयानक रस आणि भय

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पैलू फार पूर्वी ओळखला आहे. भय हा स्थायीभाव आणि भयानक हा रस, यांत भरतपरंपरा भेद करते. रंगमंचावरील वाघ पाहून प्रेक्षक पळून जात नाही. साधारणीकरणामुळे ते भय त्याच्या व्यक्तिगत हिताहितापासून सुटते आणि आस्वाद्य होते. हे घडण्यासाठी समोर चालले आहे ते नाट्य आहे, ही जाण मनाच्या पाठीमागे जागी असावी लागते.

'जॉज' पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही जाण होती. म्हणून त्याला भयानक रसाचा आस्वाद घेता आला. चित्रपटानंतर काहींना समुद्रात उतरण्याचे भय वाटले असेल, तरी ती त्या आस्वादाची सावली होती. सनसनाटी माहितीपट ही जाणच काढून घेतो. हे नाट्य नाही, हे वास्तव आहे, असे तो बजावीत राहतो. परिणामी भय रसात परिणत होत नाही. ते भयच राहते आणि माहिती म्हणून घरी नेले जाते. सनसनाटी माहितीपटाविरुद्धचा आक्षेप अशा रीतीने केवळ वैज्ञानिक नाही. तो सौंदर्यशास्त्रीयही आहे.

हे भय कोणत्या साधनांनी निर्माण होते, याविषयी एक उद्बोधक प्रयोग उपलब्ध आहे. अँड्र्यू नोसाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन हजारांहून अधिक व्यक्तींना पोहणाऱ्या शार्कची ६० सेकंदांची चित्रफीत दाखविली. चित्र तेच होते. काहींना ते भीतिदायक पार्श्वसंगीतासह, काहींना उल्हसित करणाऱ्या संगीतासह आणि काहींना संगीताविना दाखविले गेले. भीतिदायक संगीत ऐकलेल्यांनी शार्कविषयी अधिक प्रतिकूल मत दिले. शार्कने काहीही केले नव्हते. जे काही घडले ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत घडले होते.

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला या युक्तीचे मूळ रूप अपरिचित नाही. गारुड्याच्या खेळात नाग पुंगीच्या सुरांवर डोलतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो पुंगीच्या हालचालीचा वेध घेत असतो. सूर नागासाठी नसतातच, ते भोवती जमलेल्या माणसांसाठी असतात. मराठीत 'गारूड' हा शब्द मोहिनी या अर्थाने रूढ झाला, तो या अनुभवातूनच. परंतु गारुड्याभोवतीचे रिंगण हे एक प्रकारचे रंगपीठ असते. प्रेक्षक खेळ पाहण्यास उभा राहतो आणि खेळ संपला की चार आणे टाकून निघून जातो. दूरचित्रवाणीवरील गारुडाला असे रिंगण नाही. ते दिवाणखान्यात शिरते आणि आपण गारूड आहोत हे सांगत नाही.

प्रतिसादांचे तीन प्रकार

पहिला प्रतिसाद भयाचा. २०१४ मध्ये जेसिका मायरिक आणि सुझाना इव्हान्स यांनी पाचशेहून अधिक व्यक्तींच्या प्रतिसादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'शार्क वीक'मधील हिंसक दृश्ये पाहिल्याने शार्कविषयीचे भय वाढते, आणि त्यांना जोडून शार्क-संरक्षणाचा संदेश दाखविला तरी ते भय फारसे उणावत नाही, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष निर्मात्यांच्या नेहमीच्या समर्थनाला छेद देणारा आहे. 'प्रथम भीती दाखवून लक्ष वेधावे आणि शेवटी संरक्षणाचा उपदेश करावा' हा त्यांचा क्रम असतो. प्रेक्षकाच्या मनावर दृश्य ठसते आणि उपदेश ओघळून जातो.

दुसरा प्रतिसाद विश्वासाचा. २०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेट वाहिनीने 'मरमेड्स : द बॉडी फाउंड' हा जलमानवांच्या अस्तित्वाविषयीचा बनावट माहितीपट दाखविला. त्यानंतर अमेरिकेच्या सागरी सेवेला, जलमानवाच्या अस्तित्वाचा कोणताही पुरावा आढळलेला नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. एका शासकीय विज्ञानसंस्थेला मत्स्यकन्या नसल्याचा खुलासा करावा लागणे ही वरकरणी हास्यास्पद घटना आहे. तिच्याकडे गांभीर्याने पाहिले असता दिसते ते असे की, एका माहितीपटाने मोडलेला करार दुरुस्त करण्याचे काम दुसऱ्याच संस्थेवर येऊन पडले.

तिसरा प्रतिसाद रोषाचा, आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. 'मेगालोडॉन'नंतर शार्कचे अभ्यासक आणि सामान्य प्रेक्षक या दोघांनीही वाहिनीवर जाहीर टीका केली. याच सुमारास लुइझियानातील एका संशोधकाने, आपल्या मुलाखतीतील उत्तरे भलत्याच प्रश्नांना जोडून आपल्या तोंडी दंतकथेचे समर्थन घातले गेले, अशी तक्रार केली. तरीही २०१४ मध्ये वाहिनीने त्याच धर्तीचा 'शार्क ऑफ डार्कनेस' दाखविला. अखेर जानेवारी २०१५ मध्ये वाहिनीचे नवे प्रमुख रिच रॉस यांनी असे बनावट कार्यक्रम यापुढे दाखविले जाणार नाहीत, असे जाहीर केले. प्रेक्षकांच्या रोषाने एका मोठ्या वाहिनीला धोरण बदलावे लागले, असे हे उदाहरण आहे.

हा रोष कशाविरुद्ध होता हे नीट पाहावयास हवे. जुलै २०१७ मध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स आणि शार्क यांच्या शर्यतीचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात शेजारी पोहणारा शार्क संगणकनिर्मित होता, हे कळल्यावर अनेक प्रेक्षकांनी फसवणूक झाल्याची भावना व्यक्त केली. माणूस आणि शार्क खरोखर शेजारी शेजारी पोहणे शक्य नाही, हे त्यांनाही ठाऊक असणारच. जाहिरातीने जे वचन दिले ते कार्यक्रमाने पाळले नाही, ही त्यांची तक्रार होती. प्रेक्षकाला वास्तवाचे अचूक ज्ञान नसले, तरी वचनभंग त्याला अचूक कळतो.

या ठिकाणी दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. 'शार्क वीक'मुळे अनेकांना सागरी विज्ञानाची गोडी लागली आणि काही संशोधनाला त्यातून साहाय्यही मिळाले. २००१ मध्ये दाखविलेल्या 'एअर जॉज'मधील पाण्याबाहेर संपूर्ण झेप घेणारा पांढरा शार्क हे दृश्य थरारक होते आणि खरेही होते. त्याने जो भाव जागविला तो विस्मय होता, म्हणजे अद्भुत रसाचा स्थायीभाव. थरार आणि सत्य यांत मुळातच वैर आहे असे म्हणता येत नाही. परंतु खरी झेप टिपण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते आणि खोटी झेप संगणकावर आठवड्यात तयार होते. वाहिन्यांचे अर्थकारण दुसऱ्या मार्गाकडे झुकते, हे सनसनाटीचे एक साधे कारण आहे.

पडद्यावरचा प्राणी आणि पाणवठ्यावरचा प्राणी

डिस्कव्हरी वाहिनी भारतात १९९५ मध्ये आली. केबलच्या जाळ्यातून आणि पुढे हिंदी निवेदनातून ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. कराड, वाई, इस्लामपूर, तासगाव येथील घरांत परदेशी समुद्रातला पांढरा शार्क जितका दिसू लागला, तितका कोकणातला शार्क कधी दिसला नाही. कोकणात शार्क हा मुशी किंवा मोरी या नावाने बाजारात आणि स्वयंपाकघरात असतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते. तरी घाटमाथ्याच्या अलीकडील प्रेक्षकाच्या लेखी मोरी आणि 'शार्क' हे दोन वेगळे प्राणी असतात. एक ताटातला आणि दुसरा पडद्यावरचा. दुरून डोंगर साजरे दिसतात. दुरून प्राणी मात्र भीषण दिसतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शार्कचा हल्ला अगदी विरळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणावर शार्कने हल्ला केला आणि त्याला पाय गमवावा लागला. ही घटना दुःखद होती आणि तितकीच अपवादात्मकही. जगभरात कोणत्याही चिथावणीविना होणारे शार्कहल्ले वर्षाला साधारणतः ६० ते ७० आणि त्यांतील मृत्यू बहुधा एक आकडी असतात. याउलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे मृत्यू मुख्यतः खेड्यांत आणि शेतीच्या कामात झालेले आहेत. सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाने पडद्यावर ज्याला भ्यावे असे सुचविले जाते तो प्राणी त्याच्या आयुष्यात कधी येणार नाही. आणि जो प्राणी बांधावर भेटतो त्याच्याविषयीचे उपयुक्त ज्ञान पडद्यावर क्वचितच मिळते.

या दोन्ही जिल्ह्यांतील प्रेक्षकाजवळ एक गोष्ट आहे, जी समुद्राविषयी त्याच्याजवळ नाही. ती म्हणजे अनुभवाचे माप. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा कराडला कोयनेला भेटून सांगली जिल्ह्यात उतरते. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या परिसरातील तिच्या पात्रात मगरींचा वावर आहे. तेथे हल्ले झाले आहेत. माणसे दगावली आहेत आणि त्यांत मुलेही आहेत. तरीही काठावरचा माणूस मगरीला 'राक्षस' म्हणून ओळखत नाही. ती कोणत्या वाळवंटावर ऊन खात पडते, कोणत्या डोहात राहते, उन्हाळ्यात अंड्यांची राखण करताना कशी आक्रमक होते, याचा त्याचा हिशेब असतो. 'पाण्यात राहून माशांशी वैर करू नये' ही म्हण त्याने केवळ शाळेत पाठ केलेली नसते. हे ज्ञान सर्वत्र अचूक असतेच असे नाही. मगर आणि सुसर या नावांतही बोलण्यात गल्लत होते. परंतु पडद्यावरील चित्र पारखून घेण्यास ते पुरेसे आहे. मगरीवरील कार्यक्रमात निवेदक तिला थंड डोक्याची खुनी म्हणतो, तेव्हा या प्रेक्षकाला निवेदकाने नदीकाठ पाहिलेला नाही हे लगेच कळते. शार्कविषयी तेच विशेषण ऐकताना मात्र त्याच्याजवळ पारखण्याचे साधन नसते. प्रेक्षक तोच असतो. बदलते ते त्याच्या हातातील माप.

नागाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी प्रसिद्ध आहे. पूर्वी तेथे पंचमीपूर्वी जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवले जात. त्यांची पूजा, मिरवणूक आणि फण्याच्या उंचीच्या स्पर्धा होत आणि नंतर ते सोडले जात. बाहेरच्या कॅमेऱ्यांना यात हवा तो थरार सापडला. फणा काढलेला नाग आणि त्याच्यासमोर निर्धास्त उभे असलेले मूल ही चौकट दूरवर पोहोचली. तिच्यात श्रद्धा दिसत नव्हती, पकडण्याची रीत दिसत नव्हती आणि नागाला होणारा ताणही दिसत नव्हता. २०१४ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नाग पकडणे व त्यांचे प्रदर्शन बंद झाले. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग शैक्षणिक हेतूने पकडण्यास अटींसह परवानगी दिली. या वादाचा निवाडा करणे येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे की, सान्निध्य म्हणजे आपोआप शहाणपण नव्हे. स्थानिक माणूस कॅमेऱ्याला ओळखू लागला की तोही कॅमेऱ्यासाठी खेळ करू लागण्याचा संभव असतो. अनुभवाचे मापही गारुडापुढे बोथट होऊ शकते.

साच्याचे स्थलांतर

शार्कपटांनी घडविलेला साचा शार्कपुरता राहिला नाही. अनोळखी धोका, भीतिदायक संगीत, एकच दृश्य वारंवार दाखविणे, प्राण्याला हेतू चिकटविणे आणि खुलासा शेवटी ठेवणे ही त्याची अंगे आहेत. आज तो साचा वृत्तवाहिन्यांवर आणि भ्रमणध्वनीवर कृष्णाकाठीच येऊन पोहोचला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात पाण्याने वेढलेल्या घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचे दृश्य देशभर फिरले. जुलै २०२४ मध्ये चिपळूणच्या रस्त्यावरून चालणाऱ्या मगरीचे दृश्यही असेच पसरले. पहिल्या दृश्यातील मगर ही पुरात अडकलेला, आसरा शोधणारा जीव होती. त्याच छपराखालचे घर बुडालेले होते. पाहणाऱ्यांच्या चर्चेत मगर उरली आणि घर दिसेनासे झाले.

सातारा जिल्ह्यात बिबट्याच्या बाबतीत हेच घडते. कराड परिसरात उसाच्या फडात बिबट्याची मादी पिले घालते. ऊसतोडीच्या वेळी बछडे सापडतात आणि वनविभाग आईशी त्यांची पुनर्भेट घडवून आणण्याचा प्रयत्न करतो. ही संयमाची आणि कौशल्याची गोष्ट आहे. एखाद्या चांगल्या माहितीपटाचे सर्व गुण तिच्यात आहेत. वृत्तपट्टीवर मात्र बिबट्याच्या नावामागे 'दहशत' हा एकच शब्द येतो.

या साच्याची किंमत दोघे मोजतात. प्राणी मोजतात, हे उघड आहे. सप्टेंबर २००६ मध्ये स्टीव्ह अर्विन यांचा पाकट माशाच्या काट्याने मृत्यू झाल्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शेपट्या छाटलेले पाकट मृतावस्थेत आढळले. जगात दरवर्षी अंदाजे १० कोटी शार्क मारले जातात, असे २०१३ मधील एका अभ्यासाने दाखविले. ज्याला खुनी ठरविले आहे त्याच्या मृत्यूने कोणाचे मन द्रवत नाही. दुसरी किंमत काठावरची माणसे मोजतात, आणि तिच्याकडे वन्यजीवप्रेमी लेखनाचेही दुर्लक्ष होते. मगरीच्या हल्ल्यात दगावलेला माणूस बातमीत केवळ 'भक्ष्य' असतो. तो त्या वेळी पाण्यात का उतरला होता, हे विचारले जात नाही. घाटावर धुणे धुण्यास दुसरी सोय नसणे, जनावरे नदीतच धुवावी लागणे, शेतीची वीज रात्री येत असल्याने अंधारात मोटार सुरू करण्यास काठावर जावे लागणे, वाळूउपशाने मगरींच्या घरट्यांच्या जागा विस्कटणे ही या प्रश्नाची खरी अंगे आहेत. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासन जे अर्थसाहाय्य देते, त्याच्या यादीत मगरीचाही समावेश आहे. ही माहिती थरारक दृश्याच्या सोबत कधी सांगितली जात नाही. मगरीला राक्षस ठरविले की हे सर्व प्रश्न संपतात. कारण राक्षसाला कारणे नसतात. त्यावर नक्राश्रू ढाळून कार्यक्रम पुढे सरकतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. सनसनाटी शार्कपटांवर विश्वास ठेवणारा प्रेक्षक हा बुद्धीने उणा नसतो. माहितीपटाच्या रूपाने मिळविलेल्या विश्वासाचा गैरवापर झाल्याने तो फसतो. अशा चित्रणातील भय रसरूप होत नाही, कारण ते नाट्य असल्याची जाण प्रेक्षकापासून लपविलेली असते. रोष व्यक्त करणारा प्रेक्षक या वचनभंगाची नोंद करतो आणि २०१५ च्या उदाहरणावरून ती नोंद परिणामकारकही ठरते. ज्या प्राण्याविषयी प्रेक्षकाजवळ अनुभवाचे माप असते, तेथे गारुडाचा प्रभाव मर्यादित राहतो. मात्र हे माप कायमचे नसते. कृष्णाकाठच्या घरात पाण्याचा नळ आला, नवी पिढी नदीपासून दूर गेली, की त्या घरातील मुलाला मगरही शार्कसारखीच केवळ पडद्यावर भेटेल.

या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापनाला येथे एक निश्चित कार्य आहे. मराठी, प्राणिशास्त्र, भूगोल आणि वृत्तपत्रविद्या या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावा असा एक साधा उपक्रम सुचविता येईल. वन्यप्राण्यावरील कार्यक्रमाचा एक मिनिटाचा भाग विद्यार्थ्यांना प्रथम आवाज बंद ठेवून दाखवावा, नंतर आवाजासह दाखवावा आणि दोन्ही वेळी प्राण्याने प्रत्यक्षात काय केले एवढेच लिहून घ्यावे. त्यानंतर भिलवडी किंवा शिराळा परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या आजोबांनी मगरीविषयी अथवा नागाविषयी काय सांगितले ते वर्गात सांगू द्यावे. कोणती माहिती पाहून आलेली आहे, कोणती ऐकून आणि कोणती संगीतातून, हा भेद विद्यार्थी स्वतःच करू लागतील. प्रेक्षकाचा कौल विचारपूर्वक पडावयाचा असेल, तर हा भेद करण्याची सवय त्याला वर्गातच लागली पाहिजे.